पिकअपचं इंजिन ठरवायच्या आधी एवढं करून ठेवा

शोरूमला जायच्या आधी वजनकाट्यावर जाऊन या, पहिलं काम ते. आमचा मांडवाचा धंदा, साताऱ्यातनं पाचगणीला ऑर्डरी असतात, हौद्यात पाइप-कापड-खुर्च्या आणि मागं हुकाला जनरेटरची ट्रॉली, आणि इतकी वर्षं आम्ही नुसतं अंदाजानं 'असंल दोनेक टन सगळं मिळून' म्हणत होतो. काट्यावर घातली तर गाडी मालासकट तीन टन, ट्रॉली वेगळी आठशे किलो. तेव्हा कळलं जुनी गाडी वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात का रडायची. तर तुमच्या नेहमीच्या लोडचा आकडा कागदावर लिहा. दिवाळीत एकदा येणारा जड लोड नको, नेहमीचा.

मग आरसी, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनचा कागद. त्यातल्या एकूण वजनातनं रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, राहील तेवढाच माल कायद्यानं चालतो, वर गेलं की 20 हजार दंड आणि पुढं प्रत्येक टनाला 2 हजार. ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं लागतं, आणि कुठलं मॉडेल किती किलो ओढू शकतं हे मॅन्युअलमध्ये बघा, नसंल तर सेल्समनकडनं लिहून घ्या, तोंडी 'ओढतीय की साहेब' याला काय अर्थ नाय.

आता इंजिन. सगळे सीसी आणि हॉर्सपॉवर विचारतात, तुम्ही टॉर्क विचारा, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर (एनएममध्ये मोजतात), आणि तो किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो ते पण. टाटाच्या इंट्राचंच बघा, व्ही 30 आणि व्ही 50 दोन्ही 1496 सीसी, पण एकाचा टॉर्क 140 एनएम आणि दुसऱ्याचा 220. सीसीवरनं काय कळणार सांगा. बोलेरो पिकअप 2523 सीसी असून 200 च्या आसपास, योद्धा 2.2 लिटरची 250. चार टन घेऊन 8 टक्के चढावर 20 च्या स्पीडनं जायला चाकावर तीसेक हॉर्सपॉवर पुरतात, म्हणजे पॉवर कमी पडत नाय, कमी पडतो तो खालच्या आरपीएमचा जोर, मग आपण पहिल्या गिअरात रेस करत क्लच जाळत बसतो.

ॲव्हरेजचं पण हिशोबानं बघा. वाईपासनं पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटर उंच, पावणेचार टन तेवढं वर न्यायला जवळपास दोन लिटर डिझेल नुसतं चढण्यात जातं, इंजिन कुठलंही असू दे. म्हणून ब्रोशरवरचा आकडा घाटवाल्यांनी बाजूला ठेवायचा. ज्याची गाडी तासगाव-मिरज-सांगली अशी सपाटीला बेदाणा नाय तर हळद घेऊन फिरते त्याला कमी टॉर्कचं इंजिन परवडतं, घाटात मात्र तसलं इंजिन सारखं ताणून चालवलं की डिझेल पण जास्त खातं. माझं मत विचाराल तर आठवड्यातनं दोनदा घाट असंल तर मोठा टॉर्क घ्या, महिन्यातनं एकदा असंल तर नको.

सीएनजी स्वस्त पडतो खरा, पण चढाला दम कमी, टाक्यांचं वजन तुमच्या लोडमधनं जातं, आणि पंपावरची रांग वेगळी. सपाटीला, गावातल्या गावात बेस्ट.

बीएस 6 (धुराच्या नव्या नियमातल्या) डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो, रोज चार-पाच किलोमीटरच चालवली तर तो चोकअप होतो, अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते. धूर साफ करायला वेगळा युरिया भरावा लागतो का ते पण विचारून घ्या, सगळ्यांना लागत नाय.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊ नका. माझ्या मेव्हण्यानं घेतली होती, 'काय पळतीय' म्हणत बुकिंग केलं, आणि पहिल्याच भाड्याला कुंभार्ली घाट चढताना अर्ध्यात थांबून पान्हे काढायची वेळ आली. त्यापेक्षा वाळूच्या गोण्या भरा, यवतेश्वरच्या चढावर मुद्दाम थांबा, हँडब्रेक लावा आणि तिथनं उचला. उतरताना दुसऱ्या गिअरात ब्रेक न दाबता किती धरून ठेवते ते बघा, ट्रॉली मागनं ढकलत असताना हेच कामाला येतं. न्यूट्रल अजिबात नको.

आणि घेतल्यावर ॲव्हरेज टाकी फुल टू फुल काढा, म्हणजे फुल करून पळवा आणि परत फुल करताना किती डिझेल बसलं ते बघा, मीटरवर दिसतं त्यावर जाऊ नका. सपाटीचं वेगळं लिहा, घाटाचं वेगळं, भाड्याचा रेट सांगताना घाटाचाच धरायचा.