उन्हाळ्यात पाड्यावर कामाला येताय? इंजिनीअरिंगच्या मुलामुलींसाठी तयारीची यादी

आधी तारखा. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिलच्या शेवटी फोन करून "मॅडम, इंटर्नशिप मिळेल का?" विचारणाऱ्यांना मी नाही म्हणते, कारण तोवर राहायच्या खोल्या आणि सोबत फिरणारी माणसं, दोन्ही ठरून गेलेली असतात. जव्हार-मोखाड्याकडे पिण्याच्या पाण्याचं काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेत दर उन्हाळ्यात चार-सहा विद्यार्थी येतात. सहा आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर येऊ नका. पहिले दोन आठवडे पाड्यांचे रस्ते ओळखण्यातच जातात.

अर्जात समाजसेवेची ओढ एका वाक्यात आटपा. ऑटोलेव्हल (जमिनीची चढ-उतार मोजायचं यंत्र) लावता येते का, दुचाकी चालवता येते का, एक्सेलमध्ये नोंदी नीट ठेवता का, हे लिहा. यातलं काहीच येत नसेल तर तसं लिहा, त्याने अडत नाही. प्रवास, जेवण, राहणं यांचा खर्च कोणाचा, मानधन आहे का, संडास-बाथरूमची सोय कशी आहे, हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्या. मुलींनी तर नक्कीच. संकोच करून शेवटी तिसऱ्या दिवशी परत गेलेले लोक मी पाहिले आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात: कॉलेजचं पत्र, अपघात विम्याची प्रत, आधार, घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून, आणि कॉलेजला तासांची नोंद कुठल्या नमुन्यात हवी तो नमुना. शेवटच्या दिवशी "मॅडम, लॉगबुकवर सगळ्या सह्या एकदम द्या" चालणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते पाहा, बाकी लसींचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बॅगेत शहरी माणूस नको ते भरतो. ट्रेकिंगचे महागडे बूट नकोत, पायात घट्ट बसणारे आणि ओले झाले तरी चालणारे साधे बूट हवेत. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, ओआरएसची पाकिटं, पॉवर बँक आणि चांगली टॉर्च. रात्री संडासला जाताना मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, इकडे घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत. साप चावलाच तर कोणाचंही ऐकत न बसता थेट सरकारी रुग्णालय, सर्पदंशावरचं औषध तिथे मिळतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबणार असाल तर रेनकोट आणि वह्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या.

कामाचं सामान याहून सोपं आहे: तीस मीटरची टेप, वजन बांधलेली दोरी, घड्याळ, कॅल्क्युलेटर, पेन्सिली (पेनाची शाई ओल्या वहीत पसरते), जाड पुठ्ठ्याची वही. आणि एक लिटरची बाटली. तिचा उपयोग असा की पाड्यावर गेल्यावर हंडा आणि बादली मापून घ्यायची. बायका "सहा हंडे लागतात" म्हणतात तेव्हा तो हंडा बारा लिटरचा की पंधराचा, यावर तुमचा सगळा हिशेब उभा असतो.

आता खरी तयारी, म्हणजे आकड्यांची. जलजीवन मिशनचं, म्हणजे घरोघरी नळ देण्याच्या सरकारी योजनेचं, प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. आपत्तीच्या कामात जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत किमान १५ लिटर. हे दोन्ही पाठ करून या आणि मग माझी चूक ऐका.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पाड्याच्या वरच्या अंगाला झरा पाहिला. ऑक्टोबरचा महिना. पंधरा लिटरची बादली ४० सेकंदांत भरली. चोवीस तासांचे ३२,४०० लिटर. पाड्यावर ४०० माणसं, ५५ लिटरने गरज २२,०००. पाणी उरतंय, म्हणून मी टाकी आणि नळाचं डिझाइन करून मोकळी झाले. मे महिन्यात तीच बादली भरायला चार मिनिटं लागली. दिवसाचे ५,४०० लिटर. तरी तक्रार फारशी नव्हती, कारण तेव्हा पाड्यावर जेमतेम २६० माणसं होती. बाकीची घरं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. म्हणजे माणशी वीसेक लिटर पडत होते. मेच्या अखेरीस माणसं पेरणीसाठी परतली, पाऊस अजून आलेला नव्हता, आणि माणशी साडेतेरा लिटर उरले. टाकीला कुलूप लावण्यावरून भांडणं झाली. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बसाल्टच्या उतारावर तो थांबत नाही, हे मी भूशास्त्राच्या तासाला शिकले होते. वीटभट्टीचं वेळापत्रक कुठल्या तासाला नव्हतं.

म्हणून तुम्हाला उन्हाळ्यातच बोलावतो. याच दिवसांतलं माप आम्हाला हवं असतं, आणि मेच्या अखेरीस पुन्हा घरं मोजून हवी असतात. कुलूप लावलेल्या घरात किती माणसं राहतात ते शेजारणीला विचारून लिहायचं, शून्य लिहायचं नाही.

येण्याआधी एक गणित घरी करून पाहा. चार मीटर व्यासाची विहीर, तीन मीटर पाणी: साधारण ३७,७०० लिटर. चांगली टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर सुमारे ९५ ग्रॅम. मेमध्ये पाणी एक मीटरवर येतं तेव्हा तीच मात्रा ३० ग्रॅमच्या आसपास. अंदाजाने मूठ टाकणाऱ्याचं दोन्ही वेळा चुकतं. पण उघड्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून कागदावरचं गणित पुरत नाही, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरला ते पाहायची तपासणी) करावीच लागते. नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन सापडायला हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ही टेस्ट येते. त्याच्याकडून शिका, त्याला शिकवायला जाऊ नका.

तसंच हापश्याचं. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर एक दिवस जा, आम्ही गाठ घालून देतो. पाइप वर काढताना हात कुठे धरायचा हे पुस्तकात नाही. रात्रभर बंद राहिलेला हापसा सकाळी किती वेळा हापसल्यावर पाणी देतो ते मोजा. पंचवीस-तीस लागत असतील तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइप गळतोय, बोअर आटलेली नसेलही. ही नोंद मिळाली तर पथकाचा एक हेलपाटा वाचतो.

भाषेची थोडी तयारी हवी. वारली आणि कोकणा बोलणाऱ्या आजींशी तुमची मराठी अडखळेल, त्यांचीही. घाई नको. तुम्हाला सगळे सर-मॅडम म्हणतील, तुम्ही दादा-ताई-आजी म्हणत राहा, आठवड्यात फरक पडतो. पाणी कधी कमी होतं, रात्री किती वाजता नंबर लावायला उठावं लागतं, हे बायकांना विचारा. पुरुष सांगतात ते बहुतेक ऐकीव असतं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि "नळ कधी येणार?" असं कुणी विचारलं तर तारीख सांगायची नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये कॉलेजात असाल, ती तारीख आम्हाला ऐकावी लागते.

नवीन यंत्र बनवून दाखवायची हौस घरी ठेवून या. सौर फिल्टरचे दोन सांगाडे आमच्या पडवीत आहेत, त्यांत सध्या कोंबड्या बसतात.

शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. वहीच्या दोन प्रती करायच्या: एक संस्थेत, एक ग्रामपंचायतीत. प्रत्येक मापापुढे तारीख, वेळ आणि माप कुठून घेतलं ते हवं. यासाठी लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणि अर्धा इंची ब्रश आणा. विहिरीच्या कठड्यावर ज्या दगडावर टेप टेकवलीत तिथे एक रेघ आणि वर्ष रंगवून ठेवा, म्हणजे पुढच्या मेमध्ये येणारी पोरं त्याच दगडावर टेप टेकवतील.