जुन्या व्हॅनचं मागचं बंपर: नव्या हेल्परसाठी

बॉडीच्या गॅरेजात शिकायला आलेल्या पोराला इंजिनला कुणी हात लावू देत नाही, पेंटच्या गनला तर नाहीच. मग वाट्याला येतं मागचं बंपर. मारुतीच्या ऑम्नी व्हॅनचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, तरी सोलापुरात चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहायला जुन्या ऑम्नी अजून दिसतात. गठ्ठे भरताना गाडी रिव्हर्समध्ये गोदामाच्या भिंतीपर्यंत न्यायची सवय असते. म्हणून बंपरचं काम अक्कलकोट रोडच्या बाजूला कधी संपत नाही.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, चार बोल्ट काढायचे आणि चार लावायचे. खरं काम असतं ते मागच्या ब्रॅकेटचं, म्हणजे बंपर गाडीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आधाराचं. धक्का बंपरवर दिसतो, पण तो ब्रॅकेटपर्यंत आणि कधीकधी बॉडीच्या पत्र्यापर्यंत पोचलेला असतो. वाकड्या ब्रॅकेटवर नवंकोरं बंपर चढवा, ते एका बाजूला लोंबणारच. आमचे मिस्तरी नव्या बंपरचा पुठ्ठासुद्धा फोडू द्यायचे नाहीत. "आधी ब्रॅकेट बघ की बे, मग पाना उचल!"

खोलताना घाई करू नका. जुन्या गाडीचे बोल्ट चिखल-पाण्यानं जाम झालेले असतात. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं गंज झाडून, गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी बोल्टचं डोकं चहूबाजूंनी धरणारा गोटी किंवा रिंग पानाच लावा. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यानं डोक्याचे कोपरे गोल होतात आणि मग अर्धा दिवस त्यातच जातो. थोडं सैल करायचं, थोडं परत आवळायचं, पुन्हा सैल. आट्यांतला गंज असाच बाहेर येतो. तरीही हललाच नाही तर गॅसनं तापवायचा मोह होतो. तो आवरा. पेट्रोलची टाकी खालीच असते आणि बऱ्याच व्हॅनना मागे गॅसची टाकीही बसवलेली असते. तिथे ग्राइंडरच्या ठिणग्यासुद्धा नकोत. हॅक्सॉनं कापा, वेळ लागला तर लागू दे. ब्रॅकेटला वेल्डिंग लागणार असेल तर ते काढून बाहेर टेबलावर करा आणि परत लावण्याआधी रेड ऑक्साईड, म्हणजे गंजरोधक लाल प्रायमर, मारा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवून ठेवायचे, पाना नंतर. एक बाजू पूर्ण आवळली की दुसरीकडची भोकं जुळत नाहीत, आणि नवखा पोरगा हातोडा शोधायला लागतो. माप जमिनीपासून घेऊ नका. या व्हॅनला मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात, ओझ्यानं एका बाजूचे जास्त बसलेले असतात, त्यामुळे गाडीच तिरकी उभी असते. डिकीच्या दाराची खालची कड आणि बंपर यांतली फट दोन्ही टोकांना मोजा. दार पूर्ण उघडून, आपटून बघा. मग मधून बाहेरच्या बाजूला आवळत जा.

प्लॅस्टिकचं बंपर असेल तर बेतानं. हे बहुधा पॉलिप्रॉपिलिनचं असतं आणि उन्हात चांगलंच वाढतं. दीड मीटरच्या बंपरला जानेवारीतल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून भोकं लांबट ठेवलेली असतात. तिथे रुंद वायसर (वॉशर) घाला आणि बोल्ट बसला की थांबा. पाय देऊन पाना ओढला तर पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडा जातो. रंगाचं काम पेंटरवर सोडा, पण त्याला प्लॅस्टिकचा प्रायमर वापरायची आठवण करा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

नंबर प्लेट बंपरवर असेल तर काढण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा. हाय सिक्युरिटी प्लेटचे लॉक एकदाच बसतात, तोडले की नवे घ्यावे लागतात.

एवढं झालं की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "मागं एक जाड पाईप पण मारून द्या." नाही म्हणायला शिका. असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात, कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. शिवाय पाईप लागला की धक्का थेट बॉडीत जातो. मी गोदामाच्या भिंतीला जुना टायर टांगायला सांगतो, तो पाईपपेक्षा स्वस्तही पडतो.