थरांच्या कापडाच्या अभ्यासाला लागताना

संरक्षक कापडांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न 'किती थर लावले म्हणजे गोळी अडेल?' असा असतो, आणि माझाही तोच होता. खरे तर आघातानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत किती धागे कामाला लागतात, यावर सारे अवलंबून असते.

8 ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला 400 मीटर वेगाने येते तेव्हा तिच्यात 640 ज्यूल ऊर्जा असते. अरामिड (केव्हलरसारखा अतिशय मजबूत कृत्रिम तंतू) धाग्यातून ताणाची लहर सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर वेगाने धावते. म्हणजे 10 मायक्रोसेकंदांत गोळी फार तर 4 मिलिमीटर सरकते, तोवर धागा दोन्ही बाजूंना सात-सात सेंटीमीटरपर्यंत ताणला गेलेला असतो. धागा जितका ताठ आणि हलका, तितकी लहर वेगवान. म्हणूनच पॉलिथिलीनचे उच्चबल तंतू इतके मोलाचे ठरतात, मात्र ते सुमारे 145 अंश सेल्सिअसला वितळतात, ही त्यांची मोठी मर्यादा आहे.

विणीचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे आणि नवखे नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. वीण फार सैल असेल, तर धागे बाजूला सरतात आणि गोळी त्यांच्यामधून निसटते. फार घट्ट असेल, तर विणतानाच तंतू दुखावतात. धाग्यांमधले घर्षण त्यांना जागेवर धरून ठेवते, आणि पाणी ते घर्षण कमी करते, त्यामुळे ओले अरामिड कापड कमी पडते.

सुरुवातीच्या एका चाचणीमालिकेत मी नमुन्यांच्या कडा चौकटीत पुरेशा आवळल्या नव्हत्या. धागे कडेतून घसरत होते, त्या घसरण्यातही ऊर्जा खर्च होत होती, आणि मी ते श्रेय कापडाला देत होतो. आकडे इतके विखुरले, की अखेर सर्व नोंदी बाद कराव्या लागल्या. त्यानंतर प्रत्येक नमुना थर-थर उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सवय मी लावून घेतली. पुढच्या थरांत धाग्यांची टोके कातरल्यासारखी सरळ तुटलेली दिसतात. मागच्या थरांत तेच तंतू लांबवर ताणले जाऊन केसांसारखे चिरफळलेले असतात. पुढचे थर गोळीला बोथट करतात, पसरवतात, आणि मागच्या थरांना ताणाने लढायला अवधी मिळतो.

गोळी अडली तरी काम संपत नाही, कारण मागे उठणारा फुगवटा शरीराला इजा करू शकतो. अमेरिकी मानकात चाचणीत शरीराऐवजी कापडामागे ठेवलेल्या मातीत पडणाऱ्या खळग्याची मर्यादा 44 मिलिमीटर ठरवलेली होती, म्हणून प्रत्येक चाचणीनंतर त्या खळग्याची खोली छिद्रांइतक्याच काटेकोरपणे नोंदवावी.