पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला गणिताची शंका विचारताय? या चुका टाळा

लेखकाकडून उत्तर आलं नाही की आपण म्हणतो, मोठी माणसं, त्यांना वेळ कुठला. खरं कारण बऱ्याचदा आपल्या मेलमध्येच असतं. पुस्तक काढा, पान शोधा, विचारणारा नेमका कुठे अडलाय ते ओळखा, एवढं सगळं करायला लावणारा मेल 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडतो आणि तिथेच राहतो.

लेखकाला शिकवणीचे प्रश्न विचारणं

'प्रकरण ५ काहीच कळत नाही, समजावून सांगा' याचं उत्तर म्हणजे अख्खं प्रकरण पुन्हा लिहिणं. असले प्रश्न शिक्षकांना किंवा सोबत शिकणाऱ्यांना विचारावेत. लेखकाला विचारायचं ते फक्त लेखकच सांगू शकेल असं: ही छपाईची चूक आहे का, या पायरीत कोणती अट गृहीत धरली आहे, हे चिन्ह इथे कोणत्या अर्थाने वापरलंय. 'उदाहरण १२ सोडवून द्या' हेही नको. गृहपाठाचं उदाहरण असेल तर तसं आधीच सांगा आणि उत्तर न मागता, आपली पायरी बरोबर आहे का एवढंच विचारा. उत्तरपुस्तिका साधारणपणे प्रकाशकाकडून आणि फक्त शिक्षकांना मिळते. ती लेखकाकडे मागितली की पुढचा खरा प्रश्नही संशयाने वाचला जातो.

'पुस्तकात चूक आहे' असं घाईने म्हणणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. सापडलेल्या 'चुकां'पैकी कित्येक नुसते संकेत असतात. नैसर्गिक संख्यांत ० धरायचा की नाही, नुसतं 'लॉग' लिहिलं तर पाया १० की ई, उपसंचाच्या चिन्हात दोन्ही संच समान असण्याची मुभा आहे की नाही, हे पुस्तकागणिक बदलतं. चिन्हांची यादी, प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण वाचल्याशिवाय मेल लिहायला बसू नका.

शेवटी छापलेलं उत्तर जुळलं नाही तर दोन्ही उत्तरांची वजाबाकी करा. साइन २क्ष याचं संकलन करताना तुम्हाला साइन-वर्ग क्ष मिळालं आणि पुस्तकात उणे अर्धा कॉस २क्ष आहे, समजा. कॉस २क्ष म्हणजे १ वजा दोन साइन-वर्ग क्ष. ते घालून पाहिलं की पुस्तकातलं उत्तर साइन-वर्ग क्ष वजा १/२ होतं. फरक नुसत्या स्थिरांकाचा, म्हणजे दोन्ही बरोबर. वजाबाकीतून क्ष जात नसेल तरच पुढे जा, आणि आधी आपली आकडेमोड पुन्हा तपासा.

मग शुद्धिपत्र, म्हणजे छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची यादी. बरेच लेखक ते आपल्या किंवा प्रकाशकाच्या पानावर ठेवतात. त्यात आवृत्तीसोबत मुद्रणही पाहावं लागतं, कारण एकाच आवृत्तीच्या पुढच्या मुद्रणात चुका गुपचूप दुरुस्त होतात. काही पुस्तकांत हक्कांच्या पानावर '१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३' अशी ओळ असते. तिथला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक, इथे तिसरं. अनुवाद वाचत असाल तर मूळ पुस्तकातला तोच भाग पाहा. घोळ अनुवादातला असेल तर मूळ लेखक काहीच करू शकत नाही.

जागा न सांगणं

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. त्यात हार्डींच्याच पुस्तिकेतल्या ३६व्या पानाचा हवाला होता: दिलेल्या संख्येपेक्षा लहान मूळ संख्या किती, यासाठी निश्चित सूत्र अजून सापडलेलं नाही, हे तिथलं विधान. मूळ संख्यांबद्दलचा रामानुजनांचा दावा पुढे टिकला नाही, पण बोलणं कशाबद्दल आहे हे शोधायला हार्डींना पानं चाळावी लागली नाहीत. (पत्रासोबत प्रमेयांची पानंच्या पानं जोडण्याची सूट मात्र रामानुजनांनाच.)

विषयाच्या ओळीत 'तातडीची मदत हवी' लिहू नका. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान आणि प्रमेयाचा क्रमांक तिथेच येऊ द्या. खालचा मजकूर दीडशे-दोनशे शब्दांत आटपावा, आणि प्रश्न एकच. साधारण असा:

'तिसऱ्या आवृत्तीच्या दुसऱ्या मुद्रणात, पान २१४ वर, प्रमेय ७.३ च्या सिद्धतेच्या सातव्या ओळीत सीमा आणि संकलन यांची अदलाबदल केली आहे. विधानात फलनं प्रत्येक बिंदूवर अभिसारी असल्याचंच म्हटलं आहे. ० ते १ या अंतरालात (१ वगळून) न गुणिले क्ष चा (न−१) वा घात ही फलनं घेतली, तर प्रत्येक बिंदूवर सीमा ० येते, पण प्रत्येक फलनाचं संकलन १ राहतं. विधानात "एकसमान अभिसारी" असं हवं होतं का, की कलम ७.१ मधली अट इथेही लागू आहे?'

याला एका ओळीत उत्तर देता येतं, तेही पुस्तक न उघडता. जमेल तिथे असं प्रतिउदाहरण शोधा. शंका घेतलेली अट काढून टाका आणि न = १, न = २ अशा लहान किमती घालून विधान मोडतं का ते पाहा. निम्म्या वेळा शंका तिथेच सुटते आणि मेल पाठवायची गरज उरत नाही.

सूत्रं मोडकी पाठवणं

पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला की घातांक खाली उतरतात: २ चा दहावा घात मेलमध्ये २१० होऊन बसतो. साध्या अक्षरांत १/२क्ष लिहिलं तर २क्ष छेदात आहे की क्ष ला १/२ ने गुणलंय ते कळत नाही. म्हणून कंस सढळ हाताने वापरा: १/(२क्ष) किंवा (१/२)क्ष. सूत्रं जास्त असतील तर लेटेकमध्ये (गणिती मजकूर जुळवायची संगणक-प्रणाली) लिहून एक पानाची पीडीएफ जोडा. वहीचा फोटोच पाठवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, सरळ वरून काढा आणि अडलेल्या ओळीसमोर बाण काढा. पाठवण्यापूर्वी मेल स्वतःला पाठवून फोनवर उघडून बघा.

चुकीच्या दारात उभं राहणं

लेखक हयात आहेत का, हे आधी बघा. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या अनेकदा दुसरंच कुणी सुधारतं, आणि मग प्रश्न त्यांना विचारायचा. लेखक तिघं असतील तर प्रकरण कोणी लिहिलंय ते कधी कधी प्रस्तावनेत सापडतं. नाही सापडलं तर तिघांना एकच मेल पाठवा. वेगवेगळे पाठवले तर तिघंही एकाच उत्तरावर वेळ घालवतात.

संपर्काच्या पानावरच्या सूचनाही वाचा. संगणकशास्त्रज्ञ आणि लेखक डोनाल्ड कनूथ १ जानेवारी १९९० पासून वैयक्तिक ईमेल वापरत नाहीत. तरी आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा धनादेश देण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध होती; २००८ पासून ते खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देतात. मेल 'पत्ता अस्तित्वात नाही' म्हणून परत आला तर लेखक संस्था सोडून गेले असतील किंवा निवृत्त झाले असतील. त्यांचा अलीकडचा शोधनिबंध काढा, पत्ता बहुधा पहिल्या पानावर असतो. तोही चालला नाही तर प्रकाशकाला लिहा.

मेल पाठवल्यानंतरची घाई

दोन आठवडे थांबा. परीक्षांचा काळ असेल तर तीन. मग त्याच मेलखाली दोन ओळींची एक आठवण द्या, त्यानंतर नाही.

उत्तर आलं आणि ते 'कलम ३.२ बघा' एवढंच असेल, तर तो राग नाही, पत्ता आहे. कलम ३.२ मधली व्याख्या तुमच्या ओळीत शब्दशः घालून पाहा, एक दिवस कागदावर झगडा. तरीही अडलं तर 'कळलं नाही' असं न लिहिता, ती व्याख्या घातल्यावर कुठली ओळ तुटते ते लिहा. चूक खरी निघाली तर आभाराच्या मेलमध्ये दुरुस्त वाक्य पूर्ण लिहून द्या. लेखकाला ते तसंच उचलून शुद्धिपत्रात टाकता येतं.