सूर्यघड्याळ सोबत घेऊन कुडल संगमावर

सोलापूरहून विजयपूर रस्त्याने साधारण ४० किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात. तिथलं हत्तरसंग कुडल, म्हणजे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही जुनी देवळं, अर्ध्या तासात उरकून परत फिरणारे फार. या जागेला निदान पाच तास द्या आणि सोबत स्वतः केलेलं सूर्यघड्याळ न्या. आपल्या जुन्या बांधकामांत दिशा सावलीवरून ठरवत. यज्ञवेदीच्या मोजमापांचा प्राचीन ग्रंथ असलेल्या कात्यायन शुल्बसूत्रात ती रीत दिली आहे, आणि हातात काठी घेऊन ती जितकी कळते तितकी वाचून कळत नाही.

घड्याळ आदल्या रात्री करा. जाड पुठ्ठ्याची ७ सेंटीमीटर त्रिज्येची तबकडी कापा आणि मधोमध विणकामाची सुई काटकोनात घट्ट ओवा. सुईचा दक्षिणेकडचा भाग २२ सेंटीमीटर आणि उत्तरेकडचा ५ सेंटीमीटर ठेवा. तबकडीची कड आणि सुईचं दक्षिण टोक जमिनीला टेकलं की सुई आपोआप १७.७ अंशांवर बसते, तोच सोलापूरचा अक्षांश. सुई इतकी आडवी दिसते की चुकलंय असं वाटतं, पण ते बरोबर आहे. जयपूरच्या सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, भिंत २७ अंशांवर आहे कारण जयपूरचा अक्षांश तेवढा. म्हणूनच युरोपसाठी केलेलं तयार घड्याळ इथे वेळ बरोबर दाखवत नाही.

तबकडीच्या दोन्ही बाजूंना दर १५ अंशांवर एक तास आखा. १२ अगदी खाली, सकाळचे आकडे पश्चिमेकडे, दुपारचे पूर्वेकडे. मार्चअखेर ते सप्टेंबर सावली वरच्या म्हणजे उत्तरेकडच्या बाजूवर पडते, उरलेले महिने खालच्या बाजूवर. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास ऊन तबकडीच्या कडेवरून सरपटतं आणि दोन्हीकडे वाचता येत नाही. ते दोन-तीन दिवस टाळा.

सकाळी ९ पर्यंत पोहोचा. देवळाच्या दगडांवर काही मांडू नका, बाहेरची मोकळी सपाट जमीन निवडा. आधी उत्तर शोधायची. मोबाइलमधलं होकायंत्र चुंबकाच्या कव्हरजवळ किंवा गाडीशेजारी भलतीकडे फिरतं, म्हणून शंकूच, म्हणजे सावली बघायची उभी काठीच, वापरा. १२ अंगुळांची, म्हणजे सुमारे २२ सेंटीमीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. १०च्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीच्या बुडापासून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ दोरीने काढा. सावली आखडत आत जाईल आणि दुपारी पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिला काटकोनातली दक्षिण-उत्तर. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, त्यामुळे सावलीचं टोक पुसट दिसतं. गडद आणि फिक्याच्या मधोमध खूण करा, आणि दोन्ही वेळा एकाच माणसाने.

दुपारची सावली उत्तर दाखवते असं धरून चालू नका. साधारण १० मे ते २ ऑगस्ट या काळात सोलापूरचा माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. या दोन तारखांच्या आसपास उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. ऑगस्टात ढग आडवे येतात, मे खात्रीचा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, दुपारी १२ अंगुळांच्या शंकूची सावली सोलापुरात सुमारे ३ अंगुळे ४९ व्यंगुळे भरते (६० व्यंगुळांचं एक अंगुळ). पंचांगवाले जिला पलभा म्हणतात ती हीच.

दोन खुणांच्या मधल्या वेळात देवळं बघा. संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा शिलालेख आहे. त्यातली ‘वाछि तो विजेया होइवा’ ही ओळ मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणली जाते: जो वाचेल तो विजयी होईल. समोरून टॉर्च मारला तर अक्षरं सपाट होऊन विरतात. टॉर्च बाजूला, दगडाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. खडू, पीठ, पाणी, तेल काहीही लावू नका, दगड खराब होतो. हरिहरेश्वराच्या देवळात १९९९ साली मिळालेलं बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. घाई न करता एका ओळीतले चेहरे नीट बघा, एकासारखा दुसरा नाही. फोटोआधी तिथल्या पुजाऱ्यांना विचारा.

पायताण काढावं लागतं आणि ११ नंतर फरशी पोळते, जाड मोजे न्या. पाणी, भाकरी, शेंगाचटणी घरूनच. पावसाळ्यात संगमाच्या चिखलात उतरू नका. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला गर्दीत शंकू टिकणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दुसरी खूण झाली की सुई दक्षिण-उत्तर रेषेवर येईल अशी तबकडी ठेवून वेळ वाचा. मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळणार नाही, आणि जुळायला नकोच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर, म्हणून इथला सूर्य २६ मिनिटं मागे. शिवाय सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते: तबकडीवरच्या वेळेत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ४० मिनिटं मिळवा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला फक्त १०. एप्रिल आणि जूनचा मध्य, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास नेमकी २६. एवढं करूनही फरक उरला तर दिशा तपासा. डिसेंबरात ५ अंश चुकले तर माध्यान्हीला सुमारे १४ मिनिटांचा घोळ होतो.

निघताना काठी उपटा, वर्तुळ पुसा. ३ला निघालात तर उतरत्या उन्हात सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव जमतो. किल्ला आधी घ्या, तो संध्याकाळी बंद होतो. नळदुर्गचा पाणीमहाल याच दिवशी कोंबू नका, त्याला पावसाळ्यातला वेगळा दिवस हवा.