सकाळी क्रूझवरून उतरणे, रात्री विमान : मधल्या दिवसात या चुका टाळा

मुंबईहून निघालेली क्रूझ सकाळी गोव्यातल्या मुरगाव बंदराला लागते, न्याहारी आटोपून प्रवासी नऊ-साडेनऊपर्यंत बाहेर येतात आणि परतीचे विमान मात्र रात्री दहा-साडेदहाचे असते. आमचे घर सावंतवाडीजवळ असल्यामुळे अशा मधल्या दिवसात नात्यातली माणसे आमच्याकडे डोकावून जातात. कुणी प्रसन्न मनाने विमानात बसले, तर कुणी चार दिवसांच्या सहलीचा सगळा आनंद या एका दिवसात घालवून बसले. त्यांच्यासोबत फिरताना लक्षात आले की घोळ बहुतेक वेळा दोनच कारणांनी होतो. बॅगा कुठे ठेवायच्या हे ठरलेले नसते आणि दिवसभराची भटकंती विमानतळाच्या दिशेने होत नाही.

तिकिटावरचा विमानतळ न पाहणे

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी हा जुना विमानतळ मुरगाव बंदरापासून अगदी जवळ, वास्कोला लागूनच आहे. पेडणे तालुक्यातल्या मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. बंदरापासून मोपा साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि वाटेत झुआरी व मांडवी या दोन्ही नद्यांवरचे पूल ओलांडावे लागतात. तिकिटावर अनेकदा दोन्हीकडे 'गोवा' असेच छापलेले असते. फरक कळतो तो शेजारच्या तीन अक्षरी खुणेवरून. दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स.

माझ्या मावसभावाने हा फरक पाहिला नव्हता. विमान दाबोळीहूनच असणार असे गृहीत धरून तो कुटुंबासह दिवसभर दक्षिण गोव्यातल्या कोलव्याच्या किनाऱ्यावर थांबला, आणि संध्याकाळी साडेपाचला मुलीने तिकीट उघडले तेव्हा विमान मोपाहून असल्याचे कळले. पर्वरीच्या संध्याकाळच्या कोंडीतून ते काउंटर बंद होण्याच्या जेमतेम दहा मिनिटे आधी पोचले. वहिनींचा चेहरा रात्री फोनवरच्या आवाजातूनही मला दिसत होता. हीच काळजी मुंबईला उतरणाऱ्यांनीही घ्यावी, कारण 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुटतात.

इथून पुढचा सगळा विचार मोपाच्या विमानाचा आहे. दाबोळीहून विमान असेल तर काम सोपे होते : उत्तरेकडचे सगळे मोह सोडावेत आणि वास्को, मंगेशी, पणजी एवढ्या परिघातच राहावे.

जहाजावरच्या शेवटच्या रात्री सगळेच मोठ्या बॅगेत भरणे

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत खुणेच्या चिठ्ठ्या लावून त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीच उचलल्या जातात आणि थेट सकाळी धक्क्यावरच्या इमारतीत परत मिळतात. घाईत औषधे, चष्मा, दुसऱ्या दिवशीचे कपडे, चार्जर आणि क्वचित ओळखपत्रसुद्धा त्याच बॅगेत जाते. रक्तदाबाची सकाळची गोळी घ्यायची तर बॅग हाती येईपर्यंत थांबावे लागते. हातातल्या पिशवीत औषधे, आधार कार्ड किंवा पासपोर्ट, एक हलका पोशाख, टॉवेल आणि चपला एवढे वेगळे काढूनच मोठी बॅग बंद करावी. परदेशी बंदर करून आलेल्या जहाजावर पासपोर्ट कर्मचाऱ्यांकडे जमा असेल, तर तो हातात आल्याशिवाय उतरू नये.

जहाजावर सामानाच्या वजनाकडे फारसे कुणी पाहत नाही. देशांतर्गत विमानात मात्र साध्या तिकिटावर साधारणपणे 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली बॅग एवढीच मुभा असते. जाताना विमान नव्हते म्हणून भरभरून घेतलेले सामान परतीच्या काउंटरवर भारी पडते. जादा वजन आधी ऑनलाइन विकत घेतले तर बहुधा स्वस्त पडते.

सामानासह थेट विमानतळ गाठणे

सर्वांत जास्त लोक करतात ती चूक हीच, आणि ती सावधपणापोटी होते. 'तिथे जाऊन बसू, निदान विमान तरी चुकणार नाही' असे म्हणून साडेअकराला मोपाला पोचलेल्या माणसांना इमारतीच्या दारातच अडचण येते. प्रवेश तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच मिळतो, फार आधी आलेल्यांना थांबवले जाऊ शकते, आणि आत गेले तरी विमान कंपनी रात्रीच्या विमानाच्या बॅगा सकाळी स्वीकारत नाही. मग लहान मुले, आजी-आजोबा आणि चार बॅगा घेऊन दहा तास खुर्चीत काढावे लागतात.

उपाय तीन आहेत. पहिला म्हणजे दिवसभरासाठी एकच गाडी ठरवणे, म्हणजे सामान डिकीत राहते. हे ठरवताना चालकाला सर्व थांबे, एकूण किलोमीटर आणि शेवटी मोपाला सोडायचे आहे हे आधीच सांगून एकच रक्कम लेखी, निदान मोबाइलवर संदेशात घ्यावी. महानगरांतल्याप्रमाणे मोबाइलवर बोट टेकताच टॅक्सी येईल, या भरवशावर गोव्यात राहू नये. मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नयेत, आणि गाडीचा क्रमांक व चालकाचा फोन घरातल्या दोघांकडे तरी असावा. दुसरा उपाय म्हणजे म्हापसा किंवा पेडणे परिसरात दिवसापुरती खोली घेणे. वयस्कर माणसे सोबत असतील तर मी हाच सुचवते, कारण दुपारी दोन तास पाठ टेकता आली तर रात्रीचा प्रवास सुसह्य होतो. तिसरा म्हणजे क्रूझ कंपनीची उतरल्यानंतरची सहल, जिच्या बसमध्ये सामान राहते आणि जी शेवटी विमानतळावर सोडते. अशी सहल घेताना ती दाबोळीला सोडते की मोपाला, हे विचारायला विसरू नये.

दिवस उलट्या दिशेने आखणे

सकाळी दक्षिणेला जाऊन संध्याकाळी उत्तरेकडे धाव घेणे म्हणजे दिवसाचा सर्वांत मोठा प्रवास सर्वांत वाईट वेळी करणे. हिशेब विमानापासून मागे करावा. विमान साडेदहाचे असेल तर काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे साडेनऊला बंद होतो. आपण साडेआठला दारात असावे. शेवटचे ठिकाण विमानतळापासून पाऊण तासापेक्षा दूर नसावे आणि तेथून साडेसातला निघावे. एवढे ठरले की उरलेले थांबे बंदरापासून उत्तरेकडे एका ओळीत मांडता येतात. कुठ्ठाळीहून मंगेशी किंवा म्हार्दोळ, तेथून जुने गोवे, मग पणजीत जेवण, म्हापसा आणि शेवटी पेडणे अशी ही ओळ सरळ जुळते. आपल्याकडच्या कित्येक घरांचे कुलदैवत फोंड्याच्या बाजूला असते आणि त्यांना दर्शनाची ओढ असते. ते सकाळीच उरकावे.

जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली. ही वास्तू निवांत पाहायला हवी, पंधरा मिनिटांत उरकायला नको. म्हणून एक मोठा थांबा आणि दोन छोटे एवढ्यावरच समाधान मानावे. पणजीच्या जुन्या बाजारातील बरीचशी दुकाने दुपारी साधारण एक ते चार बंद असतात, तेव्हा काजू-कोकमाची खरेदी त्या वेळेसाठी राखून ठेवू नये. जेवणही दीडच्या आत घ्यावे, कारण चांगल्या खाणावळीतली मासळी अडीचनंतर संपते. तिसऱ्या (शिंपल्या), खेकडे यांची सवय नसेल तर विमानाच्या दिवशी प्रयोग नको.

बाटल्या घेऊन सीमा ओलांडणे

मोपाहून सावंतवाडी जवळ आहे. मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळीतली लाकडी खेळणी हा दुपारनंतरचा सुंदर कार्यक्रम होऊ शकतो, आणि आमच्याकडे येणाऱ्यांना मी तो आवर्जून सुचवते. मात्र गोव्यात मद्य स्वस्त मिळते म्हणून काहीजण बाटल्या घेतात आणि त्या डिकीत ठेवूनच पत्रादेवीची सीमा ओलांडतात. परवान्याशिवाय गोव्यातले मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, आणि नाक्यावर 'आम्ही रात्री परत जाणार आहोत' हे उत्तर चालत नाही. सावंतवाडीला यायचे असेल तर बाटल्या घेऊच नयेत. गोव्यातल्या टॅक्सीला महाराष्ट्रात येण्याचा परवाना आहे का, हेही सकाळीच विचारावे.

शेवटच्या दिवशी समुद्रात खोल उतरणे

गोव्यात आणि मालवणात स्कूबाची जाहिरात जागोजागी दिसते आणि मोकळा दिवस पाहून तरुण मुले तिकडे वळतात. हे मात्र नक्की टाळावे. पाण्याखाली दाबयुक्त हवा घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडण्याआधी विमानातील कमी दाबात गेले तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जासंस्था यांना इजा होऊ शकते. एकदाच बुडी मारली तरी किमान 12 तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास करू नये, असे मार्गदर्शन आहे. सकाळी अकराला स्कूबा आणि रात्री दहाला विमान हा मेळ म्हणूनच बसत नाही.

काहींना जहाजावरून उतरल्यावर दिवसभर जमीन डोलत असल्याचा भास होतो. तो सहसा एक-दोन दिवसांत जातो, पण तोवर भाड्याची स्कूटर चालवू नये.

वेळापत्रक कोलमडले तर

जहाज धक्क्याला उशिरा लागले, तर यादीतील पहिला थांबा सोडावा. शेवटच्या थांब्याला हात लावू नये, कारण तोच विमानतळाजवळ असतो. ठरवलेली गाडी आलीच नाही, तर धक्क्यावर तासभर फोन करीत बसण्यापेक्षा वास्कोच्या बसस्थानकावरून पणजीची बस घ्यावी. तेथून म्हापसा आणि मोपासाठी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, बसगाड्या आहेत. विमानाला उशीर झाल्याचा संदेश आला तरी मूळ वेळेनुसारच निघावे, कारण सुधारलेली वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते.

बॅगा काउंटरवर देण्याआधी एकदा उघडाव्यात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते. आणि हौसेने घेतलेले सुके खोबरे मोठ्या बॅगेत न्यायला मनाई आहे, कारण त्यातील तेलामुळे ते पेट घेऊ शकते. कोकमाचे आगळ मात्र मोठ्या बॅगेतच, दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवावे.