निळ्या बशीची आधी पाठ बघा

भुसावळला रेल्वे कॉलनीजवळच्या एका भंगारवाल्याकडं निळी छापील बशी दिसली अन् तिथून हे वेड लागलं. ती साधी फुलापानांची इंग्लिश बशी निघाली, पण तिच्याबद्दल वाचत गेलो तर कळलं की असल्याच बश्यांवर वॉशिंग्टन, गरुड, न्यूयॉर्कचं बंदर असं काय काय छापलेलं असतं, मग तेच जमवायचं ठरवलं. बायको म्हणते भाकर खायला स्टीलचं ताट आहे ना.

गंमत ही की या अमेरिकन देशभक्तीच्या जुन्या बश्या बहुतेक सगळ्या इंग्लंडात, स्टॅफर्डशायरला झाल्या. 1812 ला दोन्ही देशांचं युद्ध जुंपलं, 1815 ला मिटलं अन् मग तिथल्या कुंभारांनी त्याच गिऱ्हाइकाला त्याच्याच देशाची चित्रं विकली, धंदा तो धंदा भो. 1824 ला लाफाएत, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी, न्यूयॉर्कला उतरला तर तिथल्याच क्लूज या कुंभार भावांनी तो सोहळाच बशीवर घेतला, त्यांच्याच दुसऱ्या एका नक्षीत काठावर 15 राज्यांची नावं आहेत. इनॉक वूड या दुसऱ्या कुंभाराच्या मालावर शिंपल्यांचा काठ बघायचा. 1820 च्या आसपासचा माल गडद निळा. गुलाबी, हिरवी, तपकिरी असली तर बहुतेक 1830 नंतरची.

आता घेताना काय बघायचं. चित्र नंतर, आधी पाठ. मी पहिल्याच खरेदीत फसलो, ऑनलाइन एकानं 1820 ची म्हणून विकली, फोटो फक्त समोरचा, पार्सल उघडून उलटी केली तर मागं ठळक 'मेड इन इंग्लंड', म्हणजे विसाव्या शतकातली. नुसतं 'इंग्लंड' असलं तर साधारण 1891 नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेच्या कायद्यानं मालावर देशाचं नाव लागायला लागलं. चौकट उभी करून कोपऱ्यावर ठेवल्यासारखा शिक्का असला तर 1842 ते 1883 मधला. जुन्या बशीला पाठीवर तीन-तीन बारीक ठिपक्यांच्या खुणा पण सापडतात, भट्टीत ती टेकवलेली असायची त्याच्या.

मग भिंग घ्या. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून, शाई भरून, पातळ कागदावर छाप घ्यायचा अन् तो कागद बशीवर चिकटवून घासायचा, अशी पद्धत होती. म्हणून काठाची नक्षी कुठंतरी जुळलेली नसते, सांधा दिसतो. तो दिसला की मला बरं वाटतं. भिंगाखाली कोरीव रेघा अन् वेडेवाकडे ठिपके दिसायला पाहिजेत. पेपरातल्या फोटोसारखे एकसारखे ठिपके म्हणजे नवा माल.

माठ घेताना टिचकी मारतो तशी इथं पण मारायची, बद्द आवाज आला तर तडा आहे. काठाचा टवका उडालेला चालतो, किंमत पाडून घ्या, पण आरपार तडा असलेली मी घेत नाही. झिलईवर केसासारखी जाळी असते, तिला घाबरू नका.

सुरुवात मात्र लिबर्टी ब्लूनं करा, अमेरिकेला 200 वर्षं झाली त्या सुमारास 1970 च्या दशकात निघालेला सेट आहे, जेवणाच्या ताटावर इंडिपेन्डन्स हॉल आहे, अँटिक नाही पण स्वस्त पडतो अन् फुटला तरी रडू येत नाही. आपल्याकडं जळगाव-धुळ्याला अमेरिकन चित्राची बशी मिळणं अवघडच, बाहेरूनच मागवावी लागते, तेव्हा पाठीचा फोटो मागा, कस्टम ड्युटी किती बसेल ते पैसे भरायच्या आधी विचारा. अन् 100 वर्षांवरची वस्तू इथून परत बाहेर पाठवायची झाली तर 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आडवा येतो, हे डोक्यात ठेवा.

घरी आली की कोमट पाणी, मऊ कपडा, बस. ब्लीच नको, तारेची घासणी तर नकोच. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, आपला मे महिना माहीत आहे ना. जुन्या झिलईत शिसं असतं म्हणून तिच्यात लोणचं, दही, चिंचेची आमटी असलं काही वाढायचं नाही, पाहुण्यांनी कितीही हौस केली तरी.